कलमाचा चाकू आणि तक्रारीचे पत्र



आपला पांढुर्णा-सौंसरचा भाग संत्र्याचा. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधावा लागतो आणि त्याला धारदार मिटता चाकू लागतो. गेल्या हिवाळ्यात मुलांना हे काम शिकविण्यासाठी आम्ही असे सहा चाकू शाळेसाठी मागविले. मुलांच्या हाती देण्याआधी माळीदादांनी एक वापरून पाहिला. खटका सुटला, पाते मिटले आणि त्यांच्या बोटाला तीन टाके पडले. तो चाकू एखाद्या मुलाच्या हातात असता तर, या विचाराने आम्हाला रात्रभर झोप लागली नाही.

उरलेले तपासले, तर आणखी दोघांचे खटके ढिले निघाले. दुकानदार म्हणाले, "सर, एवढ्याशा वस्तूसाठी कशाला त्रास? बदलून घ्या." कंपनीला फोन केला, तर उत्तर मिळाले की वापरणाऱ्याचीच चूक असेल.

मग आम्ही पत्र लिहिले. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, म्हणून पत्रही हिंदीतच. त्यात राग नव्हता. पावतीचा क्रमांक, खरेदीची तारीख, वेष्टनावरचा मजकूर, तिन्ही चाकूंतील दोष आणि आमची मागणी एवढेच लिहिले. फोटो जोडले, प्रत ठेवली. महिन्याभराने कंपनीने सहाही चाकू परत घेऊन पैसे पाठविले. पण इतर ग्राहकांना सावध करा, या मागणीवर आणि माळीदादांच्या बोटावर एक अक्षरही नव्हते. म्हणून आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली. असेच चाकू आपल्या भागातील किती बागांत गेले असतील!

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा 1986 चा. त्याची आठवण म्हणून 24 डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतात. 2019 चा नवा कायदा 2020 मध्ये लागू झाला. त्यानुसार सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकाकडे भरपाई मागता येते. कंपनी कुठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

मुलांनो, परीक्षेत गुणांसाठी तुम्ही तक्रारीचे पत्र पाठ करता. ते मनापासून शिका. आणि पालकहो, पावती जपून ठेवा. वस्तू स्वस्त असली तरी हाताचे बोट स्वस्त नसते.