दोन पाणी, दोन श्वास

पावसाचा गाळ खाली बसला की हैदराबादच्या गंडीपेट तलावाचं पाणी निवळतं. काठाशी वाकून पाहावं, तर ग्रॅनाइटच्या झिजलेल्या कणांवरून इवल्या माशांच्या सावल्या सरकताना दिसतात. त्याच शहरात हुसेनसागर तलावाच्या काठी उन्हाळ्यात वाटलेल्या कोथिंबिरीसारखी दाट हिरवाई वाऱ्याने एका कडेला लोटलेली असते. यांतलं अधिक जिवंत पाणी कोणतं?

उत्तराची घाई नको. पाणी किती पिकतं हे मोजायची एक जुनी, हळुवार रीत आहे. तलावाच्या पाण्याने दोन बाटल्या भरायच्या, एक पारदर्शक, एक काळ्या कापडात गुंडाळलेली. बुचं घट्ट लावून ज्या खोलीवरचं पाणी, तिथेच त्या टांगायच्या. उजेडातल्या बाटलीत सूक्ष्म शेवाळं प्राणवायू घडवतात आणि श्वासही घेतात. काळोखातल्या बाटलीत नुसता श्वास. काही तासांनी दोन्हींतला प्राणवायू मोजला की जो फरक उरतो, ते त्या पाण्याचं ऊनपीक. या मापाने दाट हिरवं पाणी भरभरून पिकतं, निवळ पाणी बेताचंच.

पण मापाच्या बाटल्या दिवसा टांगतात. सूर्य मावळल्यावर प्राणवायू घडवणारं कुणी उरत नाही, श्वास मात्र सगळेच घेत राहतात. पीक जितकं दाट, तितकी रात्र जड. पहाटेच्या आधी प्राणवायू सर्वांत खाली उतरतो, आणि मासे पाण्याच्या कातडीला ओठ लावून हवा शोधतात. भरघोस पिकलेल्या पाण्याची ही उपासमार पाहिली की हिरव्या रंगावरचा आपला भाबडा विश्वास हलतो.

हैदराबादच्या तळ्यांकडे अशा नजरेने पाहणारी माणसं इथेच होती. ए. आर. झफर यांनी १९६४ पासून इथल्या मत्स्यतळ्यांतल्या शेवाळांवर लिहिलं. १९७० साली एम. मुनावर यांनी प्रदूषित आणि अप्रदूषित पाण्यांतली शेवाळं शेजारी ठेवून तपासली. सूक्ष्मदर्शकाखालचा एकेक थेंब म्हणजे त्या तळ्याची कुंडलीच. स्वच्छ थेंबात डायटमच्या नक्षीदार काचपेट्या, जुळ्या चंद्रकोरींसारखे डेस्मिड, आणि त्यांच्यामधून झटके देत जाणारी काचदेही पाणपिसू, डाफ्निया. तिचं धडधडणारं हृदय आरपार दिसतं. ती शेवाळ गाळून खाते म्हणून पाणी निवळ राहतं, आणि तिला मासोळी खाते. सांडपाण्याच्या थेंबात मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाचे पुंजके. पेशीतल्या वायूच्या सूक्ष्म पोकळ्यांवर ते वर तरंगतात, खालच्यांचं ऊन अडवतात. डाफ्नियाच्या गाळणीला ते पेलत नाहीत. काही तर विषारीही असतात. पीक वाढतं, पण खाणाऱ्याच्या तोंडी लागत नाही.

इब्राहीम कुली कुतुबशाहाच्या काळात बांधलेल्या हुसेनसागरात कुकटपल्लीच्या नाल्याने वर्षानुवर्षं कारखान्यांचं आणि घरांचं सांडपाणी आणलं. त्यातला फॉस्फरस गाळात साठत गेला. तळाचा प्राणवायू संपला की हाच गाळ फॉस्फरस पुन्हा पाण्यात सोडतो. म्हणजे नाला अडवला तरी तळं स्वतःच्याच पोटातून खत खात राहतं. म्हणूनच बिघडलेलं तळं सुधारायला कित्येक वर्षं लागतात.

मूसी नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर बांधलेलं, १९२० मध्ये पुरं झालेलं गंडीपेट, म्हणजे उस्मानसागर, त्या वाटेवर हुसेनसागराइतकं पुढे गेलेलं नाही. त्याचं कमी पिकणं हेच त्याचं आरोग्य. १९९६ च्या १११ क्रमांकाच्या शासन आदेशाने या तळ्याभोवती आणि हिमायतसागर तलावाभोवती १० किलोमीटरपर्यंत प्रदूषणकारी उद्योगांना आणि मोठ्या बांधकामांना मज्जाव केला होता. २०२२ मध्ये ते निर्बंध सैल करणारा आदेश निघाला. हैदराबादेत राहणाऱ्या वाचकाला एवढंच सांगायचं आहे: गंडीपेटच्या वरच्या अंगाला नवी वसाहत उभी राहताना दिसली, तर तिचं सांडपाणी कुठे जाणार, हे आधी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.