मण्यांची काळजी, टाचांचं काय?

निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की आमच्या घरात पहिली धावपळ द्राक्षबागेसाठी होते. गोडी भरत आलेल्या मण्यांना या गारठ्यात तडे जातात, म्हणून पहाटेच बागेत शेकोट्या पेटवायच्या, विहिरीचं पाणी ठिबकनं सोडायचं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात किती अंश नोंद झाली, याची चर्चा चहाबरोबर रंगते. शेजारच्या वावरात मात्र कांद्याच्या लागणीला आलेल्या बायका गार चिखलात अनवाणी उभ्या असतात. त्यांच्या टाचांना पडलेल्या भेगांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मला हे फार लागतं.

आमच्या सासूबाईही या वयात लागणीला उतरतात. दिवसभर पाय ओले, संध्याकाळी वाऱ्यावर कोरडेठाक. तळपायाच्या कातडीत तेल पाझरणाऱ्या ग्रंथीच नसतात, त्यामुळे ती लवकर वाळते आणि अंगाचा भार पडला की उलते. एका रात्री मोबाईलच्या उजेडात त्यांची टाच पाहिली. एक भेग पार लाल मांसापर्यंत गेलेली, कडा पिवळट, टणक, आत काळ्या मातीची रेघ.

"आई, दुखत नाही का हो?"

"कशाचं दुखतंय! दर हिवाळ्याचंच आहे ते."

भेगेपेक्षा मला त्या न दुखण्याची धास्ती वाटली. त्यांना शुगर आहे. डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवून पाहिला. अंगठ्याखाली टेकवलेला त्यांना कळलाच नाही. मधुमेहात नसा अशा बधिर होतात, आणि मग खडा रुतला, चटका बसला तरी पत्ता लागत नाही. तेव्हापासून आमच्याकडे शेकोटीला पाय लावून बसणं बंद. सुरुवातीला त्या रुसल्या. आता सुती मोजे घालतात, पण चप्पल घालताना आत हात फिरवून बघायचं अजून मलाच आठवण करून द्यावी लागते.

रात्री मी कोमट पाण्यात त्यांचे पाय धुते. पाणी आधी माझ्या कोपरानं बघते, त्यांच्या पायावर विश्वास ठेवत नाही. वज्रीनं टाच खसाखसा घासायची त्यांची सवय मोडली. तिनंच भेग जास्त चिरत होती. भेग खोल होती तोवर डॉक्टरांचं मलम आणि पट्टी. ती भरून आल्यावर माझ्या माहेरचं, लांज्याचं, कोकमाचं तेल. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तरंगणारी चरबी आजी मुठीत दाबून तिचे गोळे वळायची. निफाडच्या थंडीत तो गोळा असा घट्ट होतो की नखानं ओरखडावा लागतो. तळहातावर चोळून मऊ केला की पाय ओलसर असतानाच टाचेला लावायचा. कडकडीत वितळवून भेगेत थेंब सोडायची जुनी पद्धत बधिर पायाला घातकच. बोटांच्या बेचक्यांत तेल नाही. तिथं कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं, नाहीतर चिखल्या होतात.

लागणीच्या बायकांना गमबूट देऊन पाहिले. चिखलात ते रुततात, हाताचा वेग मोडतो, आणि उक्त्या कामात वेग म्हणजे पैसा. म्हणून आता दुपारच्या सुट्टीत बांधावर घमेल्यात कोमट पाणी, फडकी आणि कोकमाचा गोळा ठेवते. टोळीतल्या दोघींच्या भेगा मात्र भरतच नाहीत. त्यांची शुगर कधी तपासलेलीच नाही. सोमवारी त्यांना घेऊन दवाखान्यात जायचं ठरलंय. त्या दिवसाची मजुरी त्यांना आम्ही देणार आहोत.