दर दोन तासांनी कूस बदलायची



डिसेंबर आला की आपल्यातलं कुणीतरी हमखास विचारतं, "हैदराबादेत मराठी ख्रिश्चन कसे काय?" माझ्यापाशी याचं सोपं उत्तर आहे. आपण सगळे जसे आलो, तसेच ते आले. काचीगुड्याहून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना करत मनमाडला जाणारी जी लाइन आहे ना, तिच्यावरून. जालना तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. जमीन मिळाली ती सालारजंगांकडून. तिथे आलेले बहुतेक लोक गावकुसाबाहेरचे, मांग-महार समाजातले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांमधले कितीतरी जण शिकून मास्तर झाले, नर्स झाले, नोकरीसाठी शहरात आले.

त्यातलीच एक आमच्या वाड्यात राहायची. तिला सगळे सिस्टर म्हणत, आम्ही मुलं मावशी म्हणायचो. सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्याकडून मी जे पाहिलं ते आज लिहून ठेवते.

आमच्या आजीला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी आठवीत होते. उजवी बाजू पूर्ण गेली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या आणि सेवा करा. पण सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणीच सांगितलं नाही. आठ दिवसांत आजीची पाठ लाल झाली. त्या संध्याकाळी मावशी ड्युटीवरून परस्पर आमच्याकडे आली, आजीची पाठ पाहिली आणि आईला म्हणाली, "वहिनी, दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीसुद्धा. घड्याळ लावा. नाहीतर पाठ फुटेल."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज पहाटे साडेपाचला यायची. अंग पुसायचं, चादरीला एकही सुरकुती ठेवायची नाही, गुडघ्यांमध्ये उशी, टाचेखाली मऊ फडक्याची चुंबळ. बेडपॅन स्वतः धुवायची. आईला शेजारी उभं करून प्रत्येक गोष्ट दोनदा दाखवायची. मग घरी जाऊन आवरून सातच्या ड्युटीला. सव्वा वर्ष हे चाललं.

आता अवघड भाग. आजी कडक सोवळ्याची. मावशी गेली की ती डाव्या हातानं खूण करायची, गंगाजल शिंपडा म्हणून. मावशीला हे दिसत नव्हतं असं नाही. पहिल्याच आठवड्यात ती आईला म्हणाली, "पाणी आणि औषध तुम्हीच पाजा. बाकीचं मी बघते." आमच्या माठाला तिनं कधी हात लावला नाही. नाताळात करंज्या-चकल्यांचं ताट आम्हा मुलांसाठी यायचं, आणि आजीसाठी वेगळी केळी. फळाला विटाळ नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं!

वाड्यात कुजबुज सुरू झालीच. "हे लोक उगाच करत नाहीत. उद्या बाटवतील." शेवटी बाबांनी एक दिवस सरळ विचारलं, "सिस्टर, रागावू नका. पैसे तुम्ही घेत नाही. मग हे कशासाठी?"

ती हसली. "भाऊसाहेब, शेजाऱ्यावर प्रीती करा असं आम्हाला सांगितलंय. शेजारी कोणता, ते निवडायचं काम आमच्याकडे नाही दिलं."

मग उभ्या उभ्याच तिनं ती येशूची गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर चोरांनी एकाला मारून टाकून दिलं होतं. याजक बाजूनं निघून गेला, लेवीही गेला. थांबला तो शोमरोनी, ज्याच्याशी यहुदी लोक व्यवहार ठेवत नसत. त्यानं जखमांना तेल लावलं, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेलं, दोन नाणी देऊन म्हणाला, जास्त लागलं तर परत येताना देईन. "त्या शोमरोन्यानं जखमी माणसाला कुठलं देऊळ मानतोस असं विचारलं नाही, भाऊसाहेब. बरा झाल्यावर माझ्या देवळात ये, असंही नाही म्हणाला."

बाबा गप्प झाले. पुढे कुजबूज करणाऱ्यांना तेच उत्तर द्यायला लागले.

प्रीती हा शब्द आपल्याकडे सिनेमातल्या गाण्याचा. मावशीच्या घरात तो बेडपॅन धुण्याचा शब्द होता.

सुट्टीत गावाकडे जाताना निजामाबादच्या अलीकडे डिचपल्ली स्टेशन लागतं. तिथल्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्याबद्दल मी मावशीकडूनच पहिल्यांदा ऐकलं. इझाबेल कर ही स्कॉटलंडची डॉक्टर, नवरा मिशनरी. 1915 साली डिचपल्लीला काम उभं राहिलं, त्याला मदत केली निजामाबादच्या राजा नरसा गौड या हिंदू दानशूर गृहस्थानं. ज्यांना घरचे लोक घराबाहेर काढत, त्यांच्या जखमा तिथे रोज धुतल्या जात, चालमोगऱ्याच्या तेलाची इंजेक्शनं दिली जात. मावशी म्हणायची, "इंजेक्शनाचं नाव होतं गं, पण रोज फडकं धुणारी माणसं लागतात." तिला मोठ्या कामापेक्षा रोजचं काम मोठं वाटायचं.

आणि ती नुसती देणारी नव्हती, हेही सांगायला हवं. तिची नाइट ड्युटी लागली की मुलांचा डबा ती हक्कानं आईकडे मागायची. "वहिनी, आज वरण-भात तुमच्याकडे." आईला त्यामुळे किती मोकळं वाटायचं! उपकाराखाली दबलेलं माणूस शेजारी राहत नाही, ते देणेकरी होतं. मावशीनं आम्हाला देणेकरी होऊ दिलं नाही.

तुम्हाला वाटेल, शेवटी आजी बदलली असेल. नाही. आजी शेवटपर्यंत तिच्या हातचं पाणी प्यायली नाही. आई एकदा रडली यावरून. तेव्हा मावशीनं तिला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचायला सांगितलं. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाईंनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला. "शिकल्या-सवरलेल्या नवऱ्याच्या बायकोला सोवळं सोडायला वर्षं लागली. तुमच्या सासूबाई तर अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्याकडून काय हिशेब मागायचा?" एवढं बोलून तिनं चादर ओढून नीट केली.

आजी गेली तेव्हा तिच्या पाठीवर एकही जखम नव्हती. शेवटचं अंग पुसायला आईनं मावशीलाच बोलावलं आणि घरातलं कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर वाड्यात कुणीही अंथरुणाला खिळलं की आई घड्याळ घेऊन जायची. तेलुगू घर असो, मारवाडी असो, मागच्या गल्लीतले खानसाहेब असोत. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे ती शिकवून यायची. धर्म आमचा जो होता तोच राहिला. देवघर तेच, एकादशी तीच. पण शेजारी कुणाला म्हणायचं, ते मात्र आमच्या घरात मावशीनं ठरवून दिलं.

तुमच्याही वाड्यात, गल्लीत अशी एखादी सिस्टर, एखादे मास्तर असतील. जरूर लिहा. ही माणसं स्वतःबद्दल कधीच लिहीत नाहीत.