कुवेतचा प्लग, पोलादपूरचं सॉकेट

महाड-पोलादपूरकडच्या आपल्या घरांत आखातातून आलेली वस्तू पिनांवरून ओळखू येते. तीन चपट्या, जाड पिना. कुवेत, दुबई, कतार, तिकडची सॉकेटं ब्रिटिश धाटणीची. आपली गोल पिनांची. इस्त्री असो की मिक्सर, मध्ये कन्व्हर्टर हवाच. पोलादपूरला आमच्या थोरल्या आपांकडे असे चार-पाच कन्व्हर्टर बिस्किटांच्या डब्यात पडलेले असतात.

त्याच घरात गेल्या पावसाळ्यात भाचीचा लॅपटॉप चार्ज होईना. तिच्या अब्बांनी कुवेतहून पाठवलेला. प्लगचं चिन्ह कधी दिसे, कधी नाहीसं होई. आकडा सात टक्क्यांवर अडलेला. कॉलेजचा प्रोजेक्ट चार दिवसांवर, आणि पावसात लाइट किती वेळा जाते हे इथल्या वाचकाला काय सांगावं! एका दुकानदाराने मशीन न उघडताच निकाल दिला, "बॅटरी गेली, नवीन टाका." आपांचा आम्हांला फोन आला, "अरे, घरखर्चातले पैसे काढते, पण पोरीचं अडायला नको."

आम्ही महाडहून गेलो आणि भिंतीपासून सुरुवात केली. बॅटरी हे शेवटचं टोक. तिच्याआधी सॉकेट, कन्व्हर्टर, वायर, अडॅप्टर, लॅपटॉपचं भोक, एवढे जण रांगेत उभे असतात. सॉकेटवर मोबाइल नीट चार्ज झाला. अडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं, म्हणजे कुवेतचे 240 काय नि आपले 230 काय, त्याला सारखेच. मग कन्व्हर्टरला बोट लावलं. अडॅप्टरवरचा दिवा लुकलुकला. कन्व्हर्टर गरम, एका पिनेभोवती प्लॅस्टिक तपकिरी झालेलं. ते तसंच राहिलं असतं तर बॅटरीपेक्षा मोठं काही जळालं असतं.

अडॅप्टर बदलायची गरजच नव्हती. भिंतीपासून त्याच्यापर्यंतची वायर सुटी निघते. गोल पिनांची तशीच वायर शे-दीडशे रुपयांत मिळाली. आकडा चढू लागला.

सगळ्यांचं दुखणं एवढं स्वस्त नसतं, आणि काहींचं दुखणंच नसतं. आमच्या शेजाऱ्यांचा लॅपटॉप 80 टक्क्यांवर थांबे. बॅटरी टिकावी म्हणून कंपनीनेच ती मर्यादा सेटिंगमध्ये ठेवलेली. कधी लॅपटॉप बंद करून, वायर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं की अडलेलं सुटतं. पण टचपॅड वर आलं, झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगलेली आहे; तिला वीज दाखवू नये.

पुरात भिजलेल्या मशीनचंही तेच. 22 जुलै 2021 ला सावित्री-गांधारीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा दुकानंच्या दुकानं गाळात गेली. उन्हात ठेवून, तांदळात पुरून आतला गाळ निघत नाही. लिथियमची बॅटरी आत भिजली की काही दिवसांनीही पेटू शकते. अशा वेळी गेलेल्या मशीनपेक्षा घर वाचवावं.

दुकानदार अगदीच खोटा नव्हता म्हणा. विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढला तर मूळ क्षमतेच्या दोन तृतीयांशच उरलेली. दोन तास जाते. प्रोजेक्टला तेवढे पुरले. नवीन बॅटरीचं तिचे अब्बा सुट्टीवर आले की बघू, असं आपांचं ठरलं आहे.