इंदापूरचा दाणा
बारामती एमआयडीसीत माझा शेंगदाणे भाजण्याचा आणि चिक्कीचा छोटा कारखाना आहे. दाणा म्हणजे दाणा, अशी माझी कित्येक वर्षं ठाम समजूत होती. भाजलेला माल लवकर खवट झाला की शेतकऱ्याने जुना दाणा मिसळलाय, हे मी धरूनच चालायचो. इंदापूरच्या एका शेतकऱ्याला मी चारचौघांत तसं सुनावलं आणि हिशेबातून पैसेही कापले. तो एवढंच म्हणाला, "शेठ, उन्हाळ्यात भरलेला दाणा आन् पावसाळ्यात भरलेला दाणा एक कसा असंल?" मला ती पळवाट वाटली.

या समजुतीला तडा गेला तो हेझलनटमुळे. आमच्याच वसाहतीत २०११ पासून फेरेरो या चॉकलेट कंपनीचा कारखाना आहे. ही कंपनी मूळची इटलीतल्या आल्बा गावची. दुसऱ्या महायुद्धानंतर कोको मिळेनासा झाला, तेव्हा तिथल्या टेकड्यांवरच्या हेझलनटने चॉकलेटचं काम भागवलं. कुतूहलाने मी या फळाबद्दल वाचत गेलो. त्यात साधारण ६० टक्के तेल असतं. तेलात ओलिक आम्ल तीन चतुर्थांशाहून अधिक आणि उरलेल्यात मुख्यतः लिनोलिक. हवा लागली की लिनोलिक ओलिकपेक्षा दहापट वेगाने बिघडतं, म्हणजे खवटपणाचं मूळ तिथे. जात बदलली की हे प्रमाण बदलतं; तुर्कस्तानातल्या गिरेसुनचा टोंबुल वेगळा, पिडमाँटचा टोंडा जेंटिले वेगळा. आणि एकच जात दुसऱ्या भागात, दुसऱ्या हवेत लावली तरी तेल बदलतं.

मी मान डोलवत वाचत होतो. एकदाही शंका आली नाही. मग एकदम थबकलो. हे तर मी आधी ऐकलं होतं, माझ्याच कारखान्याच्या दारात. गिरेसुनच्या झाडाला हवा-पाणी लागतं आणि इंदापूरच्या भुईमुगाला लागत नाही? परदेशातल्या फळाला जात असते, गाव असतं, हे मी छापील कागदावरून लगेच मान्य केलं. जन्मभर भुईमूग काढणाऱ्याने तेच सांगितलं तेव्हा त्याला चोर ठरवलं. सांगणाऱ्याचा सदरा बघून मी खरं-खोटं ठरवत होतो.

त्याच रात्री तक्रारींची वही काढली. खवट मालाच्या तक्रारी बहुतेक खरिपाच्या दाण्याच्या होत्या. दाणा भरताना ऊन कडक असलं की ओलिकचं लिनोलिक करणारं विकर मंदावतं; हवा थंड असली की ते जोरात चालतं. काढणीतला पाऊस आणि पोत्यातली ओल यांचाही वाटा असतो. ही सगळी कारणं समोर असताना मला फक्त लबाडी दिसली होती.

त्या शेतकऱ्याच्या वस्तीवर जाऊन कापलेले पैसे दिले. त्याने घेतले, चहा दिला. दाणा मात्र तो आता दुसरीकडे घालतो, आणि ते योग्यच आहे.

आता माझ्याकडे प्रत्येक पोत्यावर जात आणि हंगाम लिहितात. खरिपाचा दाणा आधी भट्टीला लागतो. २०२० मध्ये गिरनार-४ आणि गिरनार-५ या भरपूर ओलिक असलेल्या भुईमुगाच्या जाती आल्या. त्यांचा दाणा नीरा नदीच्या पाण्यावर, आपल्या उन्हात कसा भरतो, हे मला लावणाऱ्यांच्या तोंडून ऐकायचं आहे.