वाचणारा एक, ऐकणारे अनेक

नव्या करारातील शेवटचा ग्रंथ, 'प्रकटीकरण', आपल्या आरंभीच एक आशीर्वाद देतो. तो मोठ्याने वाचणाऱ्या एकाला आहे आणि ऐकून पाळणाऱ्या अनेकांना आहे. एकवचन आणि अनेकवचन यांतील हा भेद भाष्यकारांनी पुष्कळदा नोंदवला आहे. मात्र त्यातून सूचित होणारी वाचनाची कल्पना फारशी विचारात घेतली गेलेली नाही. आशिया मायनरमधील इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया या सात मंडळ्यांना उद्देशून लिहिलेली ही संहिता आहे. तिच्यात प्रत्येक मंडळीला स्वतंत्र पत्र आहे; पण सातही पत्रे एकाच ग्रंथात असल्याने प्रत्येक मंडळीला उरलेल्या सहांची कानउघाडणीही ऐकावी लागते. लावदिकीयाच्या कोमटपणाची निर्भर्त्सना स्मुर्णेत ऐकली जाते, सार्दीसचे मृतवत होणे इफिसात ऐकले जाते. आपल्यापुरता अर्थ घेऊन बाजूला होण्याची सोय या रचनेने ठेवलेली नाही. अंत्यकाळाविषयीचे सर्वांत गूढ लेखन सर्वांत उघड अशा श्रवणप्रसंगासाठी घडवले गेले, हा विरोधाभास सामुदायिक वाचनाच्या विचाराला उपयुक्त आहे.

मराठीत या ग्रंथाचे नाव नेमके आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आवरण दूर करणे असा आहे आणि 'प्रकटीकरण' तोच सांगते. परंतु मराठी वाचकाच्या मनात त्याच्या जागी सहज 'प्रलय' येतो, आणि प्रलय ही चक्रगती काळाची कल्पना आहे. तिथे शेवटानंतर पुन्हा आरंभ ठरलेलाच असतो. दुसरा घोटाळा 'भविष्यवादी' या जुन्या भाषांतरांतील शब्दाने केला. आज रूढ असलेला 'संदेष्टा' हा शब्द निरोप पोहोचवणारा सुचवतो. 'भविष्यवादी' पुढचे सांगणारा सुचवतो आणि राशिभविष्याच्या शेजारी जाऊन बसतो. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), सोलापूर वा जालना येथील मंडळ्यांच्या शास्त्राभ्यासात वृद्ध सभासदांच्या तोंडी जुना शब्द आणि तरुणांच्या हातातल्या प्रतीत नवा शब्द, असे सहज घडू शकते. पहिला विचारतो, हे केव्हा होणार. दुसरा विचारतो, हे कोणाला सांगितले. एका शब्दाच्या दोन भाषांतरांनी एकाच बाकावर दोन वाचनपद्धती शेजारी बसवाव्यात, ही भाषेच्या अभ्यासकाला मौजेची वाटणारी गोष्ट आहे. त्या दोघांनी एकाच बाकावर बसणे किती मोलाचे आहे, हे पुढील इतिहासावरून दिसते.

स्टॅन्ले फिश यांनी मांडलेली 'अर्थनिर्णायक समुदाया'ची संकल्पना मराठी समीक्षेला आता परिचित आहे. अर्थ संहितेत निपचित पडलेला नसतो, तो वाचनाच्या सामायिक संकेतांतून घडतो, हे तिचे सार. या संकल्पनेत समुदायाचे सभासदत्व मात्र फार सहजपणे गृहीत धरलेले आहे. ज्यांचे संकेत जुळतात ते समुदायात, ज्यांचे जुळत नाहीत ते दुसऱ्या समुदायात. प्रत्यक्षातील मंडळी अशी नसते. तीत संकेत न जुळणारी माणसेही एकाच छताखाली, एकाच प्रतीवर डोके वाकवून बसलेली असतात. लग्ने, दफने आणि वर्गणी त्यांना एकत्र ठेवतात, आणि वाचनातील मतभेद या अवांतर बंधनांच्या आधाराने टिकून राहतो.

याचे सर्वांत बोधक उदाहरण अमेरिकेतील विल्यम मिलरच्या अनुयायांचे आहे. मिलर (१७८२–१८४९) हा न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्प्टनचा शेतकरी. तारुण्यात तो केवळ निसर्गनियंत्या ईश्वराला मानणारा बुद्धिवादी होता. १८१४ च्या प्लॅट्सबर्गच्या लढाईत तो लढला, आणि १८१६ च्या सुमारास बाप्टिस्ट मंडळीत परतला. त्यानंतर त्याने बायबल आणि क्रूडनचा शब्दसंदर्भकोश एवढ्याच साधनांनिशी सुमारे दोन वर्षे एकट्याने अभ्यास केला. दानीएलाच्या आठव्या अध्यायात २३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असे म्हटले आहे. गणना आणि यहेज्केल या ग्रंथांत एका दिवसाला एक वर्ष मोजल्याची स्थळे आहेत. अर्तहशश्त राजाच्या फर्मानाचे वर्ष इसवी सनापूर्वी ४५७ धरले, तर २३०० वर्षे १८४३ च्या सुमारास संपतात. १८१८ मध्येच मिलर या निष्कर्षाला पोचला होता. जाहीर प्रवचनाला तो उभा राहिला ऑगस्ट १८३१ मध्ये. मधली तेरा वर्षे हा माणूस आपले गणित तपासत आणि शंका घेत राहिला. त्याच्या चरित्रातला हा भाग सर्वांत आदरणीय म्हणावा लागेल.

योगायोग असा, की त्याच १८३१ साली अमेरिकन मिशनने अहमदनगरला ठाणे घातले आणि १८४२ साली तेथून 'ज्ञानोदय' निघू लागला. ही मिशनरी मंडळी ज्या न्यू इंग्लंडच्या चर्चपरंपरेतून आली, तीच त्या वर्षांत मिलरच्या प्रश्नाने हलत होती. यापलीकडे या दोन घटनांत नाते जोडण्याचे कारण नाही.

मिलरचे वाचन चळवळ झाले ते जोशुआ हाइम्स या बॉस्टनच्या धर्मोपदेशकामुळे. त्याने १८४० पासून नियतकालिक चालवले. १८४२ च्या मे महिन्यात चार्ल्स फिच आणि अपोलोस हेल यांनी तयार केलेला तक्ता बॉस्टनच्या परिषदेत मांडला गेला आणि त्याच्या तीनशे प्रती छापण्याचे ठरले. नबुखद्नेस्सराच्या स्वप्नातील मूर्ती, दानीएलाची श्वापदे आणि शेजारी वजाबाकीचे आकडे, असे त्याचे स्वरूप होते. तक्त्यामुळे वाचनाची जातच बदलते. संहिता क्रमाने ऐकावी लागते, मध्येच थांबून शंका विचारता येते. तक्ता एका दृष्टिक्षेपात सगळे दाखवतो आणि उत्तर खाली उजव्या कोपऱ्यात तयार असते. मिलरला तेरा वर्षे छळणारा प्रश्न श्रोत्यांपर्यंत पोचलाच नाही, पोचले ते उत्तर.

तारखेच्या पाठोपाठ दुसरी एक मागणी आली, आणि सामुदायिक वाचनाच्या दृष्टीने तीच निर्णायक आहे. जुलै १८४३ मध्ये फिचने प्रकटीकरणातील बाबेलच्या पतनावर प्रवचन केले. बाबेल म्हणजे केवळ रोमचे चर्च नव्हे, द्वितीयागमनाचा संदेश नाकारणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्याही बाबेलच; तेव्हा त्यांतून बाहेर पडा, असा त्याचा आशय. मिलरला हे रुचले नव्हते. त्याची इच्छा होती की लोकांनी आपापल्या मंडळीत राहूनच अभ्यास करावा. परंतु दुसऱ्या बाजूनेही हकालपट्टी चालू होतीच. एलेन हार्मन, म्हणजे पुढे विख्यात झालेल्या एलेन व्हाइट, हिच्या कुटुंबाला १८४३ मध्ये पोर्टलंडच्या मेथडिस्ट मंडळीने काढून टाकले. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट असह्य झाली होती: वेगळे वाचणारा शेजारी. ज्या दिवशी तो शेजारी उठून गेला किंवा उठवला गेला, त्या दिवशी सामुदायिक वाचन संपले. उरले ते एकमताचे पठण. पूर्वीच्या बाकावर एखाद्या अडाणी म्हाताऱ्याने मत्तयातील ते स्थळ काढले असते, जिथे तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही असे येशू सांगतो. नव्या बैठकीत ते स्थळ काढणारा कोणी नव्हता, किंवा त्याचे उत्तर आधीच पाठ होते.

मार्च १८४४ उलटला. इसवी सनाच्या मोजणीत शून्य वर्ष नसते, तेव्हा पूर्ण २३०० वर्षे १८४४ मध्ये भरतात, हे ध्यानात आले. मग सॅम्युएल स्नोने सातव्या महिन्याच्या दशमीचे, प्रायश्चित्ताच्या दिवसाचे, गणित मांडले. प्रचलित यहुदी पंचांगाप्रमाणे तो दिवस सप्टेंबरात येत होता. स्नोने कराइट पंथाची गणना धरली आणि तारीख निघाली २२ ऑक्टोबर १८४४. एका पंचांगात एक महिना आणि दुसऱ्यात पुढचा, हा घोळ अधिक मासाशी झुंजणाऱ्या मराठी माणसाला नवा वाटू नये. मिलरने ही तारीख ऑक्टोबर उजाडल्यावरच स्वीकारली. चळवळ त्याच्या पुढे निघून गेली होती. कित्येकांनी पिके शेतात उभी ठेवली, दुकाने बंद केली, कर्जे फेडून टाकली. शुभ्र झगे घालून ते टेकड्यांवर जमले, ही कथा मात्र विरोधकांच्या वर्तमानपत्री विनोदातून आली, आणि फ्रान्सिस निकोल यांनी १९४४ मधील आपल्या ग्रंथात तिचा पाया किती ठिसूळ आहे ते दाखवले. थट्टेची गरज असणारा समाजही एक अर्थनिर्णायक समुदायच असतो. फिच त्या दिवसापर्यंत पोचला नाही. थंड पाण्यात बाप्तिस्मे देताना आजारी पडून तो १४ ऑक्टोबरला वारला. गणित खरे असते तर पत्नीची आणि त्याची ताटातूट आठ दिवसांची ठरली असती.

तेवीस तारखेच्या सकाळी काय झाले, याविषयी समाजशास्त्रज्ञांना फार कुतूहल आहे. लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भाकीत फसल्यावर श्रद्धा का वाढते, याची मीमांसा करताना मिलरपंथीयांचा दाखला दिला. ती मीमांसा मनाविषयी बरेच सांगते, वाचनाविषयी मात्र फार थोडे. हायरम एडसन याला त्या सकाळी मक्याच्या शेतातून जाताना सुचले, की शुद्ध व्हायचे पवित्रस्थान पृथ्वीवरचे नसून स्वर्गातले असावे. तारीख बरोबर, घटना चुकीची ओळखली. याला पळवाट म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण खुद्द दानीएलाच्या नवव्या अध्यायात काय घडते? दानीएल यिर्मयाचा ग्रंथ वाचत असतो. त्यातील सत्तर वर्षे भरत आली, तरी अपेक्षित ते घडलेले नाही; आणि गब्रीएल येऊन त्या सत्तर वर्षांची सत्तर सप्तके करून देतो. संहितेच्या आतच एक वाचक लांबलेल्या वचनासमोर बसलेला आहे आणि त्याला पुनर्वाचन दिले जात आहे. फ्रँक करमोड यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात अंताच्या कथांची हीच लवचीकता कादंबरीच्या शेवटाशी जोडून पाहिली. एडसनचे वाचन त्याच परंपरेत बसते. त्यात दोष शोधायचा तर तो अन्यत्र आहे: पुढची काही वर्षे या छोट्या गटांत अशी समजूत होती, की बाहेरच्यांसाठी कृपेचे दार बंद झाले आहे. मतभेद करणारा आधी बाकावरून गेला होता, आता तो तारणाच्या कक्षेतूनही गेला. १८५० नंतरच्या काही वर्षांत ही समजूत मावळली, तेव्हा कुठे त्या गटांना पुन्हा श्रोते मिळू लागले. १८६३ मध्ये त्यांतून सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट चर्च संघटित झाले. या चर्चने पुन्हा तारीख जाहीर केली नाही. त्याच्या शब्बाथ शाळेत जगभर एका आठवड्यात एकच पाठ अभ्यासला जातो, आणि दानीएल व प्रकटीकरण त्यात पुनःपुन्हा येतात. पुण्यातील त्यांच्या स्पायसर संस्थेमुळे हा प्रवाह मराठी प्रदेशालाही परका नाही.

दीडशे वर्षांनंतर हेच अधिक उघडपणे घडले. कॅलिफोर्नियातील रेडिओप्रवक्ते हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली. त्याआधी कित्येक वर्षे ते श्रोत्यांना सांगत होते, की चर्चचे युग संपले आहे, मंडळी सोडा. रेडिओवर वाचणारा एकच असतो आणि ऐकणारे लाखो. पण ऐकणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे कोणी भुवई उंचावली तर ते शेजाऱ्याला कळत नाही. २०१२ मध्ये त्यांनी तारीख सांगणेच पाप होते असे मान्य केले. तोवर काहींची आयुष्यभराची पुंजी फलकांवर खर्च होऊन गेली होती.

आपल्याकडच्या महानुभाव परंपरेने चक्रधरांच्या सूत्रांसाठी 'प्रकरणवश' नावाचा ग्रंथप्रकार घडवला: हे वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले? सूत्र कितीही मौलिक असले तरी त्याचा प्रसंग विचारणारा अभ्यासक तेथे आगंतुक नव्हता, त्याच्यासाठी ग्रंथच रचला गेला. थेस्सलनीकाच्या मंडळीची हकीकत या दृष्टीने वाचावी. पौलाच्या पहिल्या पत्रातच ते सर्व बंधूंना वाचून दाखवावे अशी शपथपूर्वक आज्ञा आहे. दुसऱ्या पत्रात, प्रभूचा दिवस येऊनच गेला असे सांगणाऱ्या आणि त्याच्या नावाने फिरणाऱ्या पत्राबद्दल इशारा आहे. काहींनी कामधंदा सोडल्याचाही उल्लेख आहे. सर्वांसमोर वाचलेले पत्र आणि कानोकानी फिरलेले पत्र, असा तो भेद आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात बिरुयाच्या श्रोत्यांची जी थोरवी गायिली आहे, ती ते पौलाचे म्हणणेही दररोज शास्त्र उघडून ताडून पाहत म्हणून.

मिलरला त्याच्या बाप्टिस्ट मंडळीने निराशेनंतर वगळले. १८४५ मध्ये त्याने आपले गणित चुकल्याचे जाहीर लिहिले. आशा मात्र सोडली नाही. १८४८ मध्ये लो हॅम्प्टनला घराजवळ त्याने आपल्यासारख्या बहिष्कृतांसाठी एक लहानसे प्रार्थनामंदिर बांधले. ते आजही उभे आहे. त्याच वर्षी त्याची दृष्टी अधू होत जाऊन वाचणे-लिहिणे बंद पडले. डिसेंबर १८४९ मध्ये तो वारला. तोवर जे शास्त्र त्याच्यापर्यंत पोचले, ते दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजातून.