दलममध्ये गेला तेव्हाचे वय

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता भूपती 60 साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. बंदुकांची मोजदाद झाली, बक्षिसांचे आकडे छापून आले. याच जिल्ह्यातल्या भामरागड-एटापल्लीच्या जंगलात मात्र एक प्रश्न कायम मागे राहतो: दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, पहिले पाऊल पडले तेव्हा वय काय होते?

माओवाद्यांनी मुलांना संघटनेत ओढल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 83 अशा भरतीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड सांगते. तिथे मूल वापरले गेलेले असते. त्याच कायद्याच्या कलम 15 मध्ये तेच मूल आरोपी होऊन उभे राहते. वय सोळा ते अठरा आणि गुन्हा अतिगंभीर असेल, तर परिणाम समजण्याची कुवत त्याला होती का, हे बाल न्याय मंडळाने तीन महिन्यांत जोखायचे. त्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा की नाही, हे ठरते.

खोट या प्रश्नातच आहे. निवांत बसवून विचारले तर सोळा वर्षांचा पोरगा परिणाम जवळपास मोठ्या माणसाइतकेच नीट सांगतो. त्याला जमत नाही ते ऐन वेळी स्वतःला आवरणे. आवर घालणारा, कपाळामागचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये गाडी चालवण्याचा खेळ देऊन पाहिले: मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुले कितीतरी जास्त धोका पत्करत, प्रौढांवर फारसा फरक पडत नसे. रात्री गावात शिरलेले दलम, गाणी, सोबतीला बरोबरीची पोरे. भरती करणाऱ्यांना हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते.

आणि वय तरी कुठे पक्के असते? 1994 च्या पुण्यातील हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी 28 वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या त्याच्या शाळेची नोंद मान्य केली. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. नागपूर कारागृहातून तो सुटला तेव्हा चाळिशी उलटली होती.

दाखल-खारीज रजिस्टरात गुरुजींनी अंदाजाने जन्मतारीख लिहिलेली मुले दुर्गम पाड्यांवर आहेत. कागद नसेल तर हाडांची तपासणी होते, पण तिच्यात दोन-एक वर्षांची चूक होऊ शकते. मंडळासमोर अशा मुलाला बसवताना मानसतज्ज्ञ हवाच. त्याच्याशी माडिया या त्याच्या बोलीत बोलणारे माणूसही पहिल्याच तारखेला शेजारी हवे.